ओला रस्ता, नक्षी आणि रबर

हवा भरलेला टायर जन्माला आला तेव्हा तो गुळगुळीत होता आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि वरून चामड्याचे कवच अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ही चाके घोडागाडीला लावून दाखवण्यात आली. गाडीने दचके कमी खावेत, खडखडाट कमी व्हावा आणि घोड्यावरचा ताण हलका व्हावा एवढाच थॉमसनचा हेतू होता. गाडी ओढणार घोडा. चाक नुसते मागून फिरत येणार. रस्ता धरून ठेवायचे काम घोड्याच्या नालांचे होते, त्यामुळे चाकाच्या धावेवर नक्षी असण्याचे कारणच नव्हते.

बेलफास्टमध्ये जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या जॉन बॉइड डनलपने १८८८ मध्ये तीच कल्पना सायकलसाठी पुन्हा मांडली. थॉमसनचे पेटंट तोवर इतके विस्मरणात गेले होते की डनलपलाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे त्याच कारणाने त्याचे पेटंट रद्द झाले. सायकलीपाठोपाठ मोटार आली आणि चाकाचे काम बदलले. आता रस्त्याला मागे रेटणे, वेग आवरणे आणि वळणावर गाडीला बाहेर जाऊ न देणे हे सगळे हाताच्या पंजाएवढ्या रबराने करायचे होते. घोड्याचे नाल गेले, पण त्यांची जागा कोण घेणार याचा विचार मागाहून झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठ्या शहरांत रस्ते दगडी फरशांचे किंवा लाकडी ठोकळ्यांचे होते. त्यांवर घोड्यांची लीद आणि चिखल यांचा थर कायम असे. पावसाची एक सर आली की त्याचे वंगण होई. मोटारींना ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असत, त्यामुळे ब्रेक दाबताच मागची बाजू पुढे यायला बघे. चालक चाकांना दोरखंड गुंडाळत. अमेरिकेत हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरभोवती बांधायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. मिशेलिनने त्याच सुमारास पोलादी खिळे ठोकलेला चामडी पट्टा टायरवर चढवून विकायला काढला. चिखलात हे खिळे रुतत आणि काम भागे. टणक फरशीवर मात्र पोलादच घसरे. पुढच्या काळात जाडजूड खाचांच्या टायरांबाबत जो पेच पडायचा होता, त्याची ही पहिली झलक म्हणता येईल: जे चिखलात चालते ते ओल्या, टणक रस्त्यावर चालेलच असे नाही.

रबरातच नक्षी उठवलेला मोटारीचा टायर जर्मनीतल्या हॅनोव्हर येथील कॉन्टिनेन्टल कंपनीने १९०४ मध्ये आणला. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरातून फायरस्टोनने जो टायर बाजारात आणला, त्याची नक्षी म्हणजे चक्क जाहिरात होती. ‘नॉन स्किड’ हीच इंग्रजी अक्षरे तिरप्या ओळींत रबरावर उठवलेली होती. धुळीच्या रस्त्यावरून गाडी गेली की टायर आपले नाव छापत पुढे जाई. गुडइयरने चौकटीदार शंकरपाळ्यांची नक्षी काढली आणि तिला ‘ऑल वेदर’ म्हटले. पेनसिल्व्हेनिया रबर कंपनीने तर धावेवर रबराच्या छोट्या वाट्या बसवल्या आणि या वाट्या ओल्या रस्त्याला चिकटून धरतात असा दावा केला. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही वेळ रस्त्याला न टेकणारी वाटी काय चिकटणार, हा प्रश्न गिऱ्हाइकांना पडला नसावा; टायर बरेच खपले.

या सगळ्या नक्षींमागे समजूत एकच होती. कडा जितक्या जास्त आणि जितक्या उंच, तितकी पकड चांगली. मऊ जमिनीवर ते खरेही होते, आणि तेव्हाचे बरेचसे रस्ते मऊच होते. डांबर आणि काँक्रीट पसरत गेले तसा या समजुतीचा पाया खचला, पण समजूत टिकून राहिली. आजही टायरच्या दुकानात गिऱ्हाईक आधी बोटाने खाचांची खोली चाचपते. रबर कसले आहे हे क्वचितच विचारते.

मधल्या काळात रबर मात्र बदलत होते. सुरुवातीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढुरके असत. १९०४ च्या सुमारास लंडनमधल्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात काजळी मिसळल्याने रबर फार चिवट होते हे लक्षात आले आणि पुढच्या दशकभरात टायर काळे झाले. टायर जास्त दिवस टिकू लागले, म्हणून नक्षीही टिकू लागली. १९२० च्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आले. पूर्वी दर चौरस इंचाला साठेक पौंडांपर्यंत हवा भरावी लागे, ती तिशीच्या घरात आली. गाडीतले दचके घटले. या बदलाची ओल्या रस्त्यावर द्यावी लागणारी किंमत मात्र कोणाला कळली नाही, कारण ती वसूल व्हावी इतक्या वेगाने तेव्हाच्या मोटारी धावतच नव्हत्या.

याच दशकात एक छोटी गोष्ट घडली, जिचे मोल फार उशिरा कळले. १९२३ मध्ये जॉन साइप या अमेरिकन माणसाला रबराच्या धावेत सुरीने पाडल्यासारख्या बारीक, जवळजवळ बंद चिरा ठेवण्याचे पेटंट मिळाले. कत्तलखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून तो बुटांच्या तळव्यांना असे काप घेई, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, कल्पना मार्मिक होती. रुंद चर साचलेले पाणी बाहेर नेतो. पण चरांमधून पाणी गेल्यावरही दोन चरांमधल्या रबराच्या ठोकळ्याखाली जो पातळ थर उरतो, तो तोडायला अशी बारीक कड लागते. साइपने ही युक्ती भरीव टायरांसाठी मांडली होती आणि तिथे ती फारशी चालली नाही. कित्येक दशकांनी ती मोटारीच्या टायरांवर परतली, आणि या चिरांना इंग्रजीत आजही त्याचेच नाव आहे.

दुसरीकडे चिखलाच्या टायरांची स्वतंत्र शाखा वाढत होती. १९३२ मध्ये अमेरिकेत फायरस्टोन आणि अॅलिस-चाल्मर्स यांनी ट्रॅक्टरला लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर लावून दाखवले. १९३४ मध्ये फिनलंडमध्ये पुढे नोकियन म्हणून ओळखल्या गेलेल्या कारखान्याने बर्फातल्या ट्रकांसाठी आडव्या, खोल खाचांचा टायर केला. दुसऱ्या महायुद्धात जीपबरोबर आलेला लष्करी टायर या शाखेचे सर्वांत प्रसिद्ध फळ. त्याच्या धावेवर दोन्ही बाजूंनी जाड आडवे दांडे आलटूनपालटून बसवलेले असत आणि गाडी पुढे जावो की मागे, पकड सारखीच मिळे. शेतातून, ओढ्यातून, उखडलेल्या रस्त्यातून जीपला बाहेर काढणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करी. ओल्या डांबरावर मात्र त्याचे फक्त थोडे दांडे टेकत, तेही कडक रबराचे.

भारतात ही जीप युद्धानंतर लगेच आली. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. टायर बनवणे इथे त्याआधीच सुरू झाले होते: बंगालमध्ये साहागंजला डनलपचा कारखाना १९३६ पासून आणि मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा १९४० पासून होता, १९५८ साली भांडुपची सीएट त्यात सामील झाली. पावसाळ्यात खेड्यापाड्यांत पोहोचायचे तर जीप, हे समीकरण सरकारी खात्यांपासून बागायतदारांपर्यंत सगळीकडे बसले. दांड्यांचा टायर म्हणजे पावसाळी टायर, ही समजूत त्यातूनच रुजली असावी. गाडी ताशी चाळीसच्या वेगाने कच्च्या वाटेवर चालत होती तोवर ती फारशी चुकीचीही नव्हती.

महायुद्धाने रबराच्या बाबतीत आणखी एक उलथापालथ केली. १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. अमेरिकेने स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांपासून कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणावर बनवले. ट्रकच्या टायरात ते लवकर तापे, म्हणून तिथे त्याच्याविषयी तक्रारी होत्या. पण मोटारींच्या टायरात काही काळाने एक अनपेक्षित गुण दिसला. ओल्या रस्त्यावर ते नैसर्गिक रबरापेक्षा चांगले धरते.

याचे कारण केंब्रिजमध्ये डेव्हिड टेबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधले. प्रयोग साधा होता. रबराच्या पृष्ठभागावर साबणाचे वंगण लावायचे आणि त्यावरून पोलादाची गोळी घसरवायची. वंगण असल्यामुळे रबर आणि पोलाद यांच्यात चिकटणे जवळजवळ नाहीसे होते, तरीही गोळीला अडथळा होतोच. हा अडथळा मोजला तर तीच गोळी रबरावरून गडगडत नेताना जेवढा होतो, तेवढाच भरतो. म्हणजे वंगणावर जी पकड उरते ती चिकटण्याची नसते. गोळीपुढचे रबर दबते, मागचे परत वर येते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही, काही उष्णता म्हणून गिळते. गिळलेली ऊर्जा हीच पकड. ग्रीनवुड आणि टेबर यांनी हे १९५८ मध्ये मांडले. त्याच वर्षी ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या बार्बरा सेबी यांनी रस्त्यावरच्या खडीच्या आकाराचा प्रश्न घेतला. रबरात टोकदार वस्तू रुतवल्या की दाब कसा पसरतो हे मोजून त्यांनी दाखवले की ओल्या रस्त्यावर पकड हवी असेल तर खडीची टोके शाबूत राहायला हवीत. गुळगुळीत घासलेल्या खडीवर चांगला टायरही लाचार होतो.

हाताळून पाहिले तर हा फरक चटकन कळतो. नैसर्गिक रबराचा चेंडू जमिनीवर टाकला तर उंच उसळतो. ऊर्जा गिळणाऱ्या रबराचा चेंडू थप्पकन जागीच बसतो. ओल्या रस्त्यावर दुसरा कामाचा. पण तोच सतत तापतो, लवकर झिजतो आणि जास्त पेट्रोल खातो. जड वाहनांच्या टायरना उष्णता नको असते, दगडांनी चिरले जाणे आणि तुकडे उडणे नको असते, म्हणून तिथे नैसर्गिक रबराचेच प्रमाण मोठे राहिले. रानावनात जाणारे टायर पुढे याच जड घराण्यातून आले, ही गोष्ट त्यांच्या ओल्या रस्त्यावरच्या वागणुकीत उतरली.

रबर कळले, तरी पाण्याचे कोडे बाकी होते. १९५६ मध्ये अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, १९५९ मध्ये ब्रिटनचा एम-वन खुला झाला आणि त्यावर पहिली काही वर्षे वेगमर्यादाच नव्हती. वेग वाढला तसे हे कोडे समोर आले. जेट विमाने तर ओल्या धावपट्टीवर उतरताना थांबेनाशी झाली. व्हर्जिनियातल्या लँग्ली येथे नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी याचा पिच्छा पुरवला आणि १९६३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. पाण्याने भरलेल्या पट्टीवर वेग वाढत गेला की टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते. तिचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाइतका झाला की चाक उचलले जाते. मग चाकाला ब्रेक लावलेला नसला तरी त्याचे फिरणे मंदावते, कधी थांबतेसुद्धा. खाली त्याला फिरवणारा रस्ताच नसतो.

हॉर्नचे सूत्र एका ओळीचे आहे. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस इंचाला किती पौंड ते घ्यायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि १०.३५ ने गुणायचे. ताशी किती मैलांना टायर पाण्यावर तरंगेल ते मिळते. गॅरेजच्या भाषेत ३५ ची हवा असेल तर उत्तर ताशी ६१ मैल, म्हणजे सुमारे ९८ किलोमीटर येते. जुन्या काळच्या ६० च्या हवेला हेच उत्तर १२९ किलोमीटर आले असते. गोटा झालेल्या टायरला, किंवा पाण्याची खोली खाचांपेक्षा जास्त असेल तेव्हा, हे सूत्र लागू पडते. चांगल्या खाचा असतील आणि पाणी कमी असेल तर ही वेळ लांबते. माती-वाळूत जाताना हवा उतरवणाऱ्यांसाठी त्यात एक इशारा दडलेला आहे. १८ च्या हवेवर गाडी तशीच महामार्गावर आणली आणि पाऊस लागला, तर हा आकडा ताशी ७१ किलोमीटरवर उतरतो.

विमानांना खाचांची फार मदत होईना, म्हणून खाचा धावपट्टीलाच पाडण्यात आल्या. ब्रिटनमध्ये हा प्रयोग १९५६ पासून झाला होता, अमेरिकेत १९६७ पासून तो पसरला. मोटारींच्या बाबतीत टायर सुधारणे स्वस्त होते. बर्मिंगहॅमच्या फोर्ट डनलपमध्ये व्ही. ई. गफ यांनी टायर आणि ओला रस्ता यांच्या भेटीचे तीन भाग मांडले. पुढच्या भागात टायर पाण्यावर असतो, मधल्या भागात पाण्याचा पातळ पापुद्रा फुटत असतो आणि मागच्या भागात रबर खरोखर खडीला भिडते. पकड येते ती शेवटच्या भागातून. वेग वाढला की पहिला भाग मागे सरकतो आणि तिसरा आक्रसतो. टायरांवर सगळ्या दिशांनी भार टाकून पाहण्यासाठी गफ यांनी सहा पायांचे यंत्र बनवले होते. 

या भेटीचा हिशेब अंगावर येणारा आहे. मोटारीचा टायर साधारण १५ सेंटिमीटर लांबीपुरता रस्त्याला टेकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढे अंतर सेकंदाच्या दीडशेव्या हिश्शात संपते. त्या अवधीत तिन्ही भाग उरकायचे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी असेल आणि टायर वीस सेंटिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक चाकाला दर सेकंदाला तेरा लिटर पाणी बाजूला सारावे लागते. टायर रुंद तर पाणीही जास्त. रुबाबासाठी रुंद टायर चढवणाऱ्यांना हा हिशेब सहसा कोणी सांगत नाही.

मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये विकायला काढलेल्या रेडियल टायरचा फायदाही इथे दिसला. जुन्या टायरात कापडाचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे असत. टायर रस्त्याला टेकला की धाव आक्रसे, ठोकळे वळवळत आणि चर मिटत. रेडियलमध्ये धावेखाली पोलादी पट्टा आला, त्यामुळे ठोकळे सपाट टेकू लागले आणि चर उघडे राहू लागले. १९६९ मध्ये युरोपात युनिरॉयलने खास पावसाचा म्हणून टायर आणला. त्याच्या कडेवरची छत्रीची खूण पुढे कंपनीची ओळख बनली.

सर्व प्रकारच्या जमिनीवर चालेल असा टायर चिखलाचा आणि पक्क्या रस्त्याचा या दोन घराण्यांच्या सोयरिकीतून निघाला. अमेरिकेत हौशी लोकांचे रानावनात गाड्या नेणे १९६० च्या दशकात वाढले. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली लांब पल्ल्याची शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली. या लोकांना शनिवारी दगडधोंड्यांत आणि सोमवारी कामावर जाताना महामार्गावर, एकाच गाडीने जायचे होते. बीएफ गुडरिचने १९७६ मध्ये ‘रेडियल ऑल-टेरेन टी/ए’ आणला. जाड दांड्यांऐवजी एकमेकांत गुंतल्यासारखे ठोकळे, मजबूत कडा आणि खाली पोलादी पट्टा अशी त्याची रचना होती, आणि या वर्गाचा नमुना म्हणून ती पुढे सगळ्यांनी उचलली.

असा टायर ओल्या रस्त्यावर दोन वेगळ्या परीक्षा देतो आणि त्यांतले गुण जुळत नाहीत. पाणी साचलेल्या पट्ट्यात तो बरा वागतो. नव्या मोटार-टायरच्या खाचा आठ मिलिमीटर खोल असतात, याच्या बारा-तेरा. शिवाय धावेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पुष्कळदा मोकळाच असतो. पाण्याला जायला वाट भरपूर. पण बहुतेक पाऊस असा साचत नाही. रस्त्यावर जेमतेम मिलिमीटरभर पाणी असते, किंवा रिमझिमीने धूळ आणि तेल कालवलेला पापुद्रा. तिथे खोल खाचांना काही काम उरत नाही आणि उणिवा तेवढ्या दिसतात. रस्त्याला भिडणारे रबर कमी. ते रबर दगडांनी चिरू नये म्हणून कडक आणि नैसर्गिक रबराकडे झुकलेले, म्हणजे ऊर्जा कमी गिळणारे. आणि ठोकळे उंच. ब्रेक लावला की उंच ठोकळा मागे वाकतो. एक कड रस्त्यात रुतते, दुसरी उचलली जाते, आणि मुळात कमी असलेला स्पर्श आणखी घटतो. उंची दीडपट झाली की वाकणे दीडपटीवर थांबत नाही, त्याहून पुष्कळ वाढते. त्यात ही वाहने वजनदार, उंच बांध्याची.

१९९० च्या दशकात अमेरिकेत अशा गाड्या शाळेत मुले सोडायला वापरल्या जाऊ लागल्या आणि हा टायर मुख्यतः डांबरावरच घासू लागला. फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन एटीएक्स आणि विल्डरनेस एटी टायरांचे प्रकरण याच काळातले. धाव सुटून येण्याच्या दोषामुळे ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. दोषाचा पावसाशी संबंध नव्हता. उष्णता, वेग आणि कमी हवा यांचा होता. त्यातून झालेल्या अमेरिकन कायद्यामुळे गाडीत हवेच्या दाबाचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले, आणि दाब कळू लागल्याचा लाभ पाण्याच्या बाबतीतही मिळाला.

रबराची कोंडी फोडली सिलिकाने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने धावेच्या रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका घातली. यामागचे तत्त्व के. ए. ग्रॉश यांच्या १९६३ च्या प्रयोगांपर्यंत जाते: रबर किती ऊर्जा गिळते हे तापमानावर जसे ठरते तसेच ते किती जलद दबते यावरही. चाक सेकंदाला दहाएक वेळा फिरते, म्हणून फिरताना धाव तेवढ्याच वेळा दबते. ब्रेक लावून घसरताना मात्र खडीची बारीक टोके तिला सेकंदाला हजारो वेळा टोचतात. सिलिकाचे रबर पहिल्या, संथ दबण्यात कमी गिळते आणि दुसऱ्या, जलद दबण्यात भरपूर. पेट्रोल वाचते आणि पकडही मिळते. दगडावर तुकडे न उडण्याची हमी सांभाळून हे मिश्रण रानावनातल्या टायरांत आणायला वेळ लागला. त्याच्या जोडीला साइपच्या चिरा परतल्या, पण आतून नागमोडी वळवलेल्या, म्हणजे ठोकळा वाकू लागला की चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींत अडकाव्यात.

कडेवरच्या खुणा मात्र या प्रगतीची साक्ष देत नाहीत. ‘एम+एस’ ही चिखल-बर्फाची खूण नक्षीच्या आकारावरून दिली जाई. १९९९ मध्ये आलेले तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह चाचणीवर आधारलेले आहे, पण ती चाचणी बर्फावरची. पावसाविषयी दोन्ही गप्प आहेत. पावसाचे बोलते ते युरोपातले लेबल, जे नोव्हेंबर २०१२ पासून सक्तीचे झाले. त्यासाठी गाडी ओल्या पट्टीवर ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत आणली जाते आणि ठरावीक प्रमाण-टायरशी तुलना होते. पट्टीवर पाणी असते अर्धा ते दीड मिलिमीटर. म्हणजे परीक्षा पापुद्र्याची आहे, तरंगण्याची नाही. खोल खाचांचा टायर जिथे कच्चा पडतो नेमकी तीच. किमान अकरा मिलिमीटर खोल खाचा, किमान ३५ टक्के मोकळी धाव आणि ताशी १६० किलोमीटरपेक्षा जास्त नसलेली वेगश्रेणी असेल, तर टायर व्यावसायिक रानवाटांचा गणला जातो आणि त्याला लेबलातून सूट मिळते. त्याहून जास्त वेगश्रेणीचे ऑल-टेरेन टायर लेबलाच्या कक्षेत येतात आणि त्यांना लेबलावरचे दर्जाचे अक्षर घ्यावेच लागते.

भारतात २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार, बस आणि ट्रकच्या टायरांना एआयएस-१४२ हे प्रमाण लागू करण्याची अधिसूचना काढली. फिरतीचा रोध आणि आवाज यांच्याबरोबर ओल्या रस्त्यावरची पकड त्यात आहे. या प्रमाणांच्या मालिकेचे काम पुण्यातली एआरएआय ही संस्था पाहते. मोजमाप नव्या टायरचे होते, जुन्याचे नाही. ऑल-टेरेन टायरच्या बाबतीत हा नव्या-जुन्याचा भेद जास्त महत्त्वाचा, कारण क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीवर त्याच्या खाचा वर्षानुवर्षे खोलच दिसतात, तर रबर मात्र उन्हाने आणि हवेने कडक होत जाते. बनावटीची तारीख कडेवर चार आकड्यांत असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

झिजलेल्या टायरचा प्रश्न युरोपने जुलै २०२४ पासून नियमात घेतला. नव्या प्रकारच्या मोटार-टायरची धाव आता यंत्रावर खरवडून झिजेच्या खुणेजवळ आणली जाते आणि मग ओल्या पट्टीवर पुन्हा ब्रेक लावून पाहिला जातो. अशा अवस्थेत वरवर घेतलेल्या चिरा नाहीशा झालेल्या असतात, मोकळे चर उथळ होतात आणि ठोकळ्यांच्या तळापर्यंत गेलेल्या चिरा तेवढ्या उरतात.